विहीर भरलेली, झाडं सुकलेली

आयुष्यात मी फार लोकांचं वाईट चिंतलेलं नाही. एकाचंच चिंतलं, पण ते मन लावून चिंतलं, अकरा वर्षं. तो माणूस अमरावतीच्या एका कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र शिकवायचा. मूळचा पुण्याकडचा. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात छत्री, आणि वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की भुवया वर. मी त्याला अरेतुरे करतोय हे कुणाला खटकेल. तोंडावर आम्ही सगळे त्याला "सर"च म्हणायचो, मीही शेवटपर्यंत म्हटलं. इथे मात्र कागद माझा आहे, आणि माझ्या कागदावर मी त्याला तेवढा मान देणार नाही.

मी वरूडकडचा. आमची संत्र्याची बाग होती, विहिरीवर मोट होती, आणि ती मोट हाकणारे माझे बाबा होते. बाबांना वाचता येत नव्हतं. पण पानाची गुंडाळी बघून झाडाला शेवटचं पाणी किती दिवसांपूर्वी मिळालं ते सांगायचे आणि चुकायचे नाहीत. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी आनंद वगैरे काही दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी मला बैलगाडीत बसवलं आणि अमरावतीला एका ओळखीच्या भाजीवालीच्या घरी खोली बघून दिली. "शिक," एवढंच म्हणाले.

आता मी ज्याच्यावर डूख धरून बसलो त्यानं शिकवलेला विषय मला मनापासून आवडायचा, हे कबूल केलंच पाहिजे. दर शनिवारी तो एक छोटी परीक्षा घ्यायचा. फळ्यावर इंग्रजीत तीन ओळी लिहायचा. कुणीतरी काहीतरी पाहिलं, आणि त्यावरून काहीतरी ठरवलं. आम्ही मधली न बोललेली गोष्ट शोधायची. 'त्या घरातून धूर निघतो आहे, म्हणून घरधनी घरी आहे.' यात बोलणाऱ्यानं काय धरून चालवलंय? घरधन्याशिवाय त्या घरात चूल पेटवणारं दुसरं कुणी नाही, हे. ते त्यानं सांगितलेलं नाही, पण ते खोटं निघालं तर त्याचं सगळं म्हणणं तोंडावर आपटतं.

ही तोंडावर आपटायची परीक्षा त्यानंच आम्हाला शिकवली होती. गृहीत सापडलं असं वाटलं की त्याच्या बरोबर उलट धरून पाहा. उलट धरल्यावर युक्तिवाद कोसळला तर ते खरं गृहीत. युक्तिवाद तसाच उभा राहिला तर तुम्ही भलतंच काही उचललंय, खाली ठेवा. मला या गोष्टीचं वेडच लागलं. सुट्टीत घरी गेलो की मी मायच्या बोलण्यातली गृहीतं काढत बसायचो. ती म्हणायची, "कुत्रं भुकून राह्यलं, कोनीतरी आलं वाटते." मी म्हणायचो, "माय, कुत्रं फक्त मानसालेच भुकते हे तुनं धरून चालवलं." ती म्हणायची, "उठ अन् दार उघड." दारात खरंच कुणीतरी उभं असायचं, त्यामुळे घरात माझ्या विद्येला फारशी किंमत आली नाही.

शनिवारच्या परीक्षांचे गुण वर्षाच्या बेरजेत धरत. बेरजेत जो गरीब घरचा मुलगा पहिला येईल त्याला पुढच्या वर्षाची फी माफ. मला ती माफी हवी होती, नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून माझं पुढचं वर्ष नव्हतंच. आणि नाताळापर्यंत मी पहिला होतो.

नाताळच्या सुट्टीत तो कुणाच्या तरी मोटारीतून वरूडकडे फिरून आला. परत आल्यावर पहिल्याच शनिवारी त्यानं फळ्यावर लिहिलं: विहीर पाण्याने भरलेली आहे. बागेतली झाडं सुकली आहेत. म्हणून माळी आळशी आहे. गृहीत सांगा, पाच गुण.

 तो कुठली बाग बघून आला ते मला माहीत नव्हतं, आजही नाही. ती आमची असेल, शेजारच्यांची असेल. पण त्या दिवसांत त्या भागातली कुठलीही बाग तशीच दिसते. पौषात संत्र्याची झाडं ताणावर असतात. ताण म्हणजे झाडाचं पाणी मुद्दाम तोडणं. विहीर डबडबलेली असली तरी मोट बंद ठेवायची. महिना, सव्वा महिना, जमीन काळी आणि भारी असेल तर त्याहून जास्त. आळं उकरून मुळांना ऊन द्यायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. परक्या माणसाला वाटतं बाग मेली. मग माळी नेमका दिवस धरून खत घालतो, आळं बुजवतो आणि पहिलं हलकं पाणी सोडतो. त्यानंतर झाड असं फुलतं की रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीतल्या माणसालाही वास येतो. ताण नाही दिला तर झाड नुसतं हिरवंगार राहतं, पानं काढत बसतं, आणि आंबिया बहार, म्हणजे माघात येणारा फुलोरा, हातचा जातो. आमच्याकडे हे शेंबड्या पोराला माहीत असतं. या दिवसांत माळ्याचं सगळ्यात कठीण काम म्हणजे काही न करणं. बाबा त्या महिन्यात जेवायचे कमी आणि चिडायचे जास्त. दिवसातून दहा वेळा झाडांपाशी जाऊन पानं चुरगळून बघायचे आणि हात मागे बांधून परत यायचे.

त्याला हवं असलेलं उत्तर मला दिसत होतं. 'पाणी असून जो माळी ते झाडांना देत नाही तो आळशी असतो.' ते लिहिलं असतं तर पाचपैकी पाच मिळाले असते. पण मी लिहिलं की या बोलण्यात आणखी एक गोष्ट लपवलेली आहे आणि तीच मुख्य आहे: त्या वेळी त्या झाडांना पाणी हवं होतं. तिच्या उलट धरून पाहा, सगळं कोसळतं. आणि पुढे माझी हौस म्हणून दोन ओळींत ताण म्हणजे काय तेही लिहिलं.

सोमवारी त्यानं माझा कागद वर्गात वाचून दाखवला. आधी इंग्रजीत, मग कुणाला चुकून कळला नसेल म्हणून मराठीत.

"तुम्हाला काय विचारलं होतं?" त्यानं मला उभं केलं.

"गृहीत, सर."

"मग ही शेतकी खात्याची पत्रिका कशाला? गृहीत खरं की खोटं ते कुणी विचारलं होतं?"

इथे त्याचं एक म्हणणं बरोबर होतं. शेवटच्या दोन ओळी विचारल्याच नव्हत्या. त्याबद्दल एक गुण कापला असता तर मी चूपचाप बसलो असतो. पण गृहीत मी काढलं होतं आणि त्याच्याच परीक्षेला ते उतरत होतं. मी तसं म्हणालो. म्हणालो, "सर, उलटं धरून पाहा ना."

त्यानं पाहिलं नाही. त्यानं कागदाची घडी केली आणि वर्गाकडे बघून म्हणाला, "आळशाची वकिली करायला आळशाच्याच घरचा माणूस पुढे येतो, हे एक नवीन गृहीत आज आपल्याला मिळालं."

वर्ग हसला. पुढच्या बाकांवरची शहरातली पोरं हसली ते मी समजू शकतो. पण शेवटच्या बाकावर मोर्शीकडचा एक होता, त्याच्या घरी आमच्याहून मोठी बाग होती, त्याच्या बापानंही त्या महिन्यात मोट बंदच ठेवली असणार. तोही हसला. त्याच्यावरही माझा राग आहे, पण तो थोडा कमी.

पाचपैकी शून्य. वर्षअखेर माझी फीमाफी तीन गुणांनी गेली. ज्याला मिळाली त्यानं मला पेढा दिला, मी तो घेतला आणि कॉलेजच्या मागच्या नाल्यात फेकला.

बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं की माफी मिळाली नाही. का मिळाली नाही ते सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तुम्हाला आळशी म्हटलं म्हणून? ते म्हणाले, "बरं," आणि मी अकोल्याला येऊन एका शाळेत मास्तर झालो. इंटर आणि बी.ए. बाहेरून बसून केलं. कॉलेजात तीन वर्षांत झालं असतं ते करायला मला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांतल्या प्रत्येक परीक्षेच्या फॉर्मवर सही करताना मला त्याचा चेहरा दिसायचा. मला त्याचं घर जळायला नको होतं. मला फक्त एकच हवं होतं: त्यानं माझ्याकडे बघून म्हणावं की तुमचं उत्तर बरोबर होतं, मी चुकलो. रस्त्यानं चालताना, वह्या तपासताना, दाढी करताना मी ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचो. कधी भर सभेत, कधी त्याच जुन्या वर्गात. मनातल्या मनात तो शेकडो वेळा चुकला.

वर्गात मी अंकगणित शिकवायचो, पण शनिवारी शेवटचा तास पोरांना गृहीतं काढायला लावायचो. ते चालवलं मी त्याच्याकडूनच शिकून, हे मला ठाऊक होतं, आणि त्याचाही राग यायचा. माझ्या वर्गात मात्र एक नियम होता. उत्तर माझ्या उत्तराशी जुळलं नाही तर पोरानं उभं राहून ते उलटं धरून दाखवायचं, आणि मी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. कित्येकदा पोरं बरोबर निघायची. "चुकलो" हा शब्द मी त्यांच्यासमोर इतक्या वेळा म्हणालो की हेडमास्तरांनी मला एकदा बोलावून समज दिली.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो अकोल्यात आला.

रिटायर झाला होता. त्याचा जावई अकोल्यात वकील होता, त्याच्या शेजारी घर घेतलं होतं. आणि ज्या माणसानं माझं वाटोळं केलं त्यानं काय करावं? पातूर रस्त्यावर संत्र्याची बाग विकत घेतली. हे मला शाळेच्या कारकुनानं सांगितलं तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हसलो की तो घाबरला.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी तो माझ्या घरी आला. शाळेत कुणीतरी त्याला सांगितलं होतं की मी त्याचा विद्यार्थी आणि वरूडकडच्या बागेतला. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. कोट तोच होता, गळ्याशी सैल झालेला. मी उठून उभा राहिलो, खुर्ची दिली, आत चहा सांगितला. मी स्वतः मात्र बसलो नाही, आणि त्याला तो आदर वाटला असणार.

"तुम्ही माझ्या वर्गात होता म्हणे."

"हो सर."

"चेहरा आठवत नाही. असो. एक अडचण आहे." त्यानं चहा बशीत ओतला. "बागेवर माळी ठेवलाय, मुद्दाम वरूडकडून आणलाय. तो म्हणतो आता महिना-सव्वा महिना पाणी तोडायचं. विहीर काठोकाठ भरलीय, आणि हा म्हणतो झाडं सुकू द्या! मला तर हा सरळसरळ कामचुकारपणा वाटतो. बैल हाकायला नकोत. पण तो हट्टाला पेटलाय. तुम्ही शिकलेले, शिवाय बागेतले. तुम्ही सांगाल तसं करतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याला काहीच आठवत नव्हतं. ना फळा, ना शून्य, ना ते वाक्य. माझं आयुष्य ज्या प्रश्नावर अडकलं तो त्यानं टरफलासारखा फेकून दिला होता, आणि आज तोच प्रश्न घेऊन माझ्या दारात बसला होता. बोलायला माझ्या तोंडात किती गोष्टी होत्या! पण अकरा वर्षं मुरलेला राग बोलत नाही, तो नेम धरतो. मी अगदी नम्रपणे, वर्गात उभा राहायचो तसा हात बांधून म्हणालो, "सर, विहिरीला पाणी असून झाडं सुकू देतो तो माळी आळशी, हे तर तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

त्याचा चेहरा खुलला. "वा! लक्षात आहे तुमच्या. शिकवलेलं कुठे ना कुठे कामी येतंच." बशी खाली ठेवून तो उठला. "आजच सांगतो त्याला. मोट एक दिवसही बंद ठेवायची नाही."

"बरं सर," मी म्हणालो, आणि फाटकापर्यंत पोचवायला गेलो.

मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. शिकवलं होतं त्यानंच. माझं मत तेच आहे, हे त्यानं स्वतः धरलं. माझ्या बोलण्यातलं गृहीत शोधायला त्याला एक मिनिट लागलं असतं, पण दुसऱ्याचं बोलणं उलटं धरून पाहायची त्याला सवयच नव्हती. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. बायकोनं विचारलं, पाहुणे कोण होते. मी म्हणालो, "जुनं येणं वसूल झालं." तिला वाटलं खरंच काही पैसे मिळाले. ती दोन दिवस मागे लागली होती.

माघात मी सायकल काढली आणि पातूर रस्त्यानं निघालो. वाटेत एक बाग लागली, ती ताणावर ठेवलेली होती. तिचा वास मला अर्ध्या फर्लांगावरून आला. पांढऱ्या फुलांचा सडा, मधमाश्यांचा नुसता घोंगाट. मग त्याची बाग आली. हिरवीगार, तुकतुकीत, पानांनी लदलेली. आणि वास काहीच नाही. कुठेतरी एखादं चुकार फूल. मी सायकल बाभळीला टेकवून कुंपणाशी उभा राहिलो आणि पोटभर पाहून घेतलं. इतकं बरं मला फार वर्षांत वाटलं नव्हतं. आत मोट चालूच होती. विहिरीच्या उतरत्या धावेवर एक माणूस खाली मान घालून बैल हाकत होता. फुलाचे दिवस वाया गेलेल्या बागेला पाणी पाजत होता, मालकाचा हुकूम म्हणून. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सायकलवर टांग टाकून निघालो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो. आमच्या विहिरीवर एक नवा माणूस होता. बाबा आता थकले होते, मोट त्यांच्यानं होत नव्हती, म्हणून कुणीतरी ठेवला असेल असं मला वाटलं. दुपारी बैल सोडल्यावर तो बाबांजवळ आंब्याच्या सावलीत येऊन बसला. चाळिशीचा, हाडकुळा. बाबांनी माझी ओळख करून दिली, "हा माहा पोरगा. अकोल्याले मास्तर हाय."

"अकोल्याले?" त्यानं मान वर केली. "मी तठीच व्हतो मास्तर. पातूर रस्त्याले, प्रोफेसर सायबाच्या बागेत."

 तो सांगत राहिला. साहेबाला हात जोडून सांगितलं, ताण द्या, ताण द्या. साहेबानं ऐकलं नाही. बहार आला नाही. मग साहेब म्हणाला की तू सांगितलं तसं झालं नाही म्हणून चिडून तूच काहीतरी केलंस, झाडांच्या मुळांना काहीतरी घातलंस. भर फाल्गुनात बायकोपोरांसकट काढून दिला. आणि नुसता काढला नाही, अकोल्यातल्या बागवाल्यांना सांगितलं की हा सूड घेणारा माणूस आहे, याला ठेवू नका.

"सूड!" तो म्हणाला. "म्या काय सूड घेतला? म्या त रोज मोट हाकली. झाडाले पानी पाजताना माह्या डोयात पानी यायचं, मास्तर. बहार असा डोयासमोर मरून राह्यला व्हता."

"त्याले शिकवलं तरी कोनं असं?" बाबांनी विचारलं. "इतला शिकलेला मानूस, कोनाले इचाराचं ना त्यानं."

"इचारलं ना! त्यानं मले तोंडावर सांगतलं. मने, म्या एका बागाईतदाराच्या पोराले इचारून आलो, तो बी मने माळी आळशी हाय." तो थांबला.  "आपल्यातलाच कोनी व्हता, मास्तर. तो मले एकदा भेटला पायजे. मी काही करनार नाही त्याले. फक्त समोर उभा करीन अन् इचारीन."

मला हे ऐकून काय वाटलं ते सांगतो. तो बोलत होता ते सगळं माझं होतं. समोर उभा करून विचारायची ती इच्छा, ते मधेच थांबणं. अकरा वर्षं मी जे एका माणसासाठी सांभाळलं ते आता या माणसानं माझ्यासाठी सांभाळायला घेतलं होतं. मी बहार बुडवला तेव्हा धरून चाललो होतो की बाग ज्याची, नुकसान त्याचं. हे गृहीत मला दिसलं नाही. मी पोरांना शनिवारी हेच शिकवायचो.

बाबा माझ्याकडे बघत होते. पानाची गुंडाळी बघतात तसंच.

"तुले इचारलं व्हतं काय त्यानं?"

"हो," मी म्हणालो. "मलेच."

मग मी सगळं सांगितलं. फळा, पाच गुण, वर्गातलं हसू, फीमाफी. बाबांना ते पहिल्यांदाच कळत होतं. मला वाटत होतं की ऐकल्यावर ते माझ्या बाजूनं पेटतील. निदान त्यांचा चेहरा तरी बदलेल.

"मले आळशी म्हटलं त माह्या अंगाले काय भोकं पडली?" बाबा म्हणाले. "त्या वक्ती त्यानं कोनाले इचारलं नाही, म्हनून त्याचं चुकलं. आता त तो इचाराले आलता. तुह्या घरी आलता. तुनं सांगाचं ना."

हे वाक्य मी अजून गिळू शकलेलो नाही. मला अकरा वर्षं काय हवं होतं? त्यानं मान्य करावं. त्या रविवारी तो माझ्या ओसरीवर चहा पीत होता, आणि मी नुसतं खरं सांगितलं असतं, ताण द्या, सर, माळी बरोबर आहे, तर माघात त्याच्या बागेतल्या फुलांनी त्याला सांगितलं असतं. तो स्वतः पुन्हा आला असता. कदाचित म्हणालाही असता. मी ते हातानं ढकललं, कारण मला त्याचं "चुकलो" कमी आणि त्याचं नुकसान जास्त हवं झालं होतं, आणि ते कधी झालं ते मलाही कळलं नाही.

 माळ्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मला वाटलं मारतो की काय, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग त्याले मारायचं व्हतं ना," तो म्हणाला. "माह्या पोटावर काहून पाय देला?"

 तो उठला, बैलांना पाणी दाखवून आला आणि मोटेला जुंपले.

त्या प्रोफेसरानं दोन वर्षांत बाग विकली आणि तो पुण्याला गेला. त्याला मी माफ केलेलं नाही, आणि करणार नाही. तो अडाणीच राहिला याचं मला आजही समाधान आहे, ते लपवून काय उपयोग? माळी मात्र आमच्या बागेत राहिला, बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षापर्यंत. माझ्याशी तो कधी भांडला नाही. सुट्टीत मी घरी असलो की संध्याकाळी तो बाबांना उद्याच्या पाण्याचं विचारायला ओट्याशी यायचा. मी तिथे बसलेला दिसलो की बिडी पेटवायचा, बैलांचं बोलायचा, पावसाचं बोलायचा. पाण्याचं तो मी उठून आत गेल्यावर विचारायचा.